कारणाचा रकाना

आमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर सकाळी साडेसहाला सुरू होते आणि पावणेसातला रेफ्या गच्चीवर चढतो. मोटरचं काम टाकी भरणं, रेफ्याचं काम सूर्य तपासणं. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात वडिलांच्या टूलबॉक्समधली टेप, डोक्याला माकडटोपी. जानेवारीत आपल्या थेरगावात सात वाजून गेल्याशिवाय सूर्य उगवत नाही. रहाटणी-काळेवाडीच्या बाजूने तो वर आला की रेफ्या घड्याळ बघतो, मान हलवतो आणि वहीत टिपून ठेवतो. सूर्याला लेटमार्क लागला की काय, असं वाटावं इतक्या गंभीरपणे.

खरं नाव वेगळं आहे, पण ते आता आधार कार्डावर आणि आईच्या रागातच उरलंय. 'रेफ्या' हे नाव कॉलेजच्या पोरांनी ठेवलं. जगातल्या कुठल्याही घटनेवर त्याचं एकच वाक्य ठरलेलं, "याला रेफरन्स आहे." टपरीवर चहा उतू गेला, याला रेफरन्स आहे. डांगे चौकात रिक्षावाला आणि टेम्पोवाला एकमेकांची गचांडी धरून उभे, याला रेफरन्स आहे. मागच्या गणपतीत लाईट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत पाच माणसं, मोदकांचा डबा आणि रेफ्या. सगळे देवाचं नाव घेत असताना कोपऱ्यातून आवाज आला, "फ्रेम भारी आहे. याला रेफरन्स आहे." त्या दिवशी तो धडधाकट बाहेर आला याचं श्रेय मी लिफ्टच्या अरुंदपणाला देतो. आत हात उगारायलाही जागा नव्हती.

या मुलावर माझा जीव आहे. त्याचं मूळ माझ्या नोकरीत आहे. एकतीस वर्षं मी एका कंपनीच्या पीपीसीत काढली. पीपीसी म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल. त्यातलं प्लॅनिंग आमच्याकडे होतं, प्रॉडक्शन शॉपवाल्यांकडे, आणि कंट्रोल कुणाकडेच नव्हता. पिंपरीपासून चाकणपर्यंत अशा कुठल्याही शॉपमध्ये शिरा, दाराशी एक पांढरा बोर्ड दिसेल. त्यावर चार रकाने : टार्गेट, ॲक्च्युअल, फरक, कारण. पहिले तीन आकड्यांचे. साहित्य फक्त चौथ्यात. 'मटेरियल शॉर्ट', 'टूल तुटलं', 'ऑपरेटर गैरहजर', 'लाईट गेली'. मी माझी उमेदीची वर्षं या चौथ्या रकान्याचा लेखक म्हणून घालवली. त्यामुळे रेफ्या पहिल्यांदा वही घेऊन माझ्याकडे आला आणि "काका, शूट कदाचित पुढे जाईल, त्याची कारणं आधीच काढून ठेवलीत," म्हणाला, तेव्हा मला गहिवरून आलं. गादी चालवणारा भेटला.

मामला होता तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. रेफ्या मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला. एका गाण्याचा म्युझिक व्हिडिओ करायचा, गाणं स्वतःचं किंवा मित्राचं, आणि ॲकूस्टिक. म्हणजे ढोल नाही, डीजे नाही, नुसती गिटार आणि गळा. शंभर मार्कांपैकी साठ व्हिडिओला, चाळीस रिसर्च आणि प्लॅनिंगच्या फाइलला. त्या चाळीस मार्कांनीच घात केला. उंदराला कुणी सांगितलं, की धान्य खायचे साठ मार्क आणि पोतं कुरतडायचे चाळीस, तर तो सुरुवात कुठून करेल?

गाणं वर्गातल्या एका मुलीने लिहिलेलं. तिचे वडील रात्रपाळीला. सकाळी ते जिना चढून घरी येतात तेव्हा ही कॉलेजला निघालेली असते. त्यांच्या हातात रिकामा डबा, हिच्या हातात भरलेला. जिन्यात दोन डबे एकमेकांना ओलांडून जातात. एवढंच गाणं. आमच्या भागात त्याला तळटीप लागत नाही. सकाळी सहाला डांगे चौकात उभं राहा, कंपनीच्या बसमधून उतरणारे आणि चढणारे एकमेकांना 'गुड मॉर्निंग' आणि 'गुड नाइट' एकदमच म्हणतात.

पोरीने आमच्या गच्चीवर बसून ते गाऊन दाखवलं. चार कॉर्ड्स. संपल्यावर दोन मिनिटं कुणी बोललं नाही. रेफ्याच्या आईने पदर डोळ्याला लावला. रेफ्याने डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, "ड्रोन लागेल."

मग संशोधन सुरू झालं. रेफ्याचं म्हणणं, की इतिहास माहीत नसताना कॅमेऱ्याला हात लावणं म्हणजे सोवळं न नेसता देवाला शिवणं. तो १९६५ पर्यंत मागे गेला. बॉब डिलन लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमागच्या बोळात उभा राहून गाण्यातले शब्द लिहिलेले पुठ्ठे एकेक करून खाली टाकतो, ती फीत त्याने इतक्या वेळा पाहिली, की शेवटी त्याच्या आईला पुठ्ठे मोजता यायला लागले. मग १९७५ मधलं क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', जे साधारण चार तासांत चित्रित झालं. ते चार तास समजून घ्यायला रेफ्याला नऊ दिवस लागले. मग १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर आलेलं 'मिले सुर मेरा तुम्हारा'. तिथे मी भाव खाल्ला, कारण ते मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर त्या काळातच पाहिलं होतं. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या 'गारवा'ची कॅसेटही माझ्याकडे होती. रेफ्याने ती हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "काका, यात व्हिडिओ कुठून निघतो?"

एका रविवारी तो लॉ कॉलेज रस्त्याला जाऊन आला. कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या 'प्रभात'चा स्टुडिओ तिथे, १९६० पासून त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट. फाटकाबाहेर तो दोन तास उभा होता. येताना दोन फोटो आणि एक न्यूनगंड घेऊन आला. "आपल्याकडे थेरगावात परंपराच नाही," म्हणाला. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं न थांबवता सुनावलं, "वेंगसरकर ॲकॅडमी आहे ना थेरगावातच. तो ऋतुराज गायकवाड तिथेच खेळून मोठा झाला. तुला म्हटलं होतं, जा. तू म्हणालास, आधी बॅटींचा अभ्यास करतो."

संशोधनाचा कळस म्हणजे वाटाणा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा लावला, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपलं आणि रोप डोळ्यांदेखत वाढतंय अशी फिल्म केली. तीच दाखवून भांडवल उभं केलं. हे वाचल्यावर रेफ्याने ठरवलं, की आपल्या व्हिडिओची सुरुवात अंकुराने होणार. अंकुराचा रात्रपाळीशी संबंध काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, "सबटेक्स्ट, काका." रात्री त्याने वाटाणे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ओट्यावर ठेवले. तिसऱ्या दिवशी ट्रायपॉड उसना आणून घरी येतो तो ताटात उसळ. आई म्हणाली, "चांगले मोड आले होते रे." भारतीय चित्रपटसृष्टीच्या जनकाला दिलेली मानवंदना रेफ्याने दोनदा वाढून घेतली आणि वहीत लिहिलं : 'शॉट १, कारण : घरगुती'.

मग रेकी. लोकेशन बघायला त्याला माझी स्कूटर लागते आणि स्कूटरसोबत मी येतो. केजूदेवी बंधाऱ्याशी बोट क्लबजवळ आम्ही गेलो, तेव्हा पवनेवर जलपर्णी पसरलेली. पाणी नावालाही दिसत नव्हतं, बगळे चालत पलीकडे जात होते. मला वाटलं, पोरगा खट्टू होणार. तर याचे डोळे चमकले. "काका, ग्रीन स्क्रीन! निसर्गाने फुकट दिलाय. मागचं सगळं हिरवं एडिटिंगमध्ये काढून टाकायचं आणि हवं ते दृश्य लावायचं."

"काय लावणार?"

"नदी."

बीआरटीच्या थांब्यावर त्याने सिमेट्री मोजली. बसमधून उतरणाऱ्या बायका टेप ओलांडून गेल्या, एकीने "रुंदीकरण आहे का?" असं घाबरून विचारलं. मोरया गोसावींच्या घाटावर त्याने सावल्यांचा नकाशा काढला. तिथल्या एका आजोबांना वाटलं, पोरगा वास्तू बघतो. त्यांनी आपल्या फ्लॅटच्या संडासाची दिशा विचारली, आणि रेफ्यानेही, आपल्याला माहीत नाही असं न म्हणता, "रेफरन्स बघून सांगतो," म्हटलं.

अशी फाइल फुगत गेली. मूड बोर्ड, स्टोरीबोर्ड, शॉट लिस्ट, कॉल शीट, पोशाखाचे तक्ते, 'धोके व उपाय' असं एक परिशिष्ट. धोका क्रमांक सात : 'कबुतरे'. उपाय : 'नाही'. शॉट चौसष्ट. डांगे चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल हीच' अशा तीन आवृत्त्या स्पायरल झाल्या. तिसरी एकशे बारा पानांची होती. झेरॉक्सवाल्याने आदराने विचारलं, "पीएचडी का?"

रेफ्याचे वडील अण्णा टूलरूमला आहेत. बोलणं कमी. त्यांची नजर मायक्रॉनची, त्यामुळे शब्द वाया घालवणं त्यांना स्क्रॅपसारखं वाटतं. फाइल त्यांनी हातात घेतली, वजन बघितलं, कोपरे काटकोनात आहेत का पाहिलं आणि म्हणाले, "ड्रॉइंग झालं. जॉब मशिनवर कधी चढणार?"

"अण्णा, अजून लिपसिंकचा प्रश्न आहे."

तो प्रश्न मला समजून घ्यायला एक रविवार गेला, पण आहे मोठा गमतीचा. व्हिडिओ सेकंदाला पंचवीस चित्रांनी चालतो. संथ चाल हवी असेल तर सेकंदाला पन्नास चित्रं घ्यायची आणि पंचविसाने दाखवायची, की सगळं निम्म्या वेगाने हलतं. पण मग गाणाऱ्याचे ओठही निम्म्या वेगाने हलतात आणि गाणं आपल्या वाटेने पुढे निघून जातं. उपाय असा, की शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गाणाऱ्याने दुप्पट वेगाने म्हणायचं. नंतर चित्र संथ झालं, की ओठ बरोबर मूळ गाण्यावर बसतात आणि बाकी जग स्वप्नातल्यासारखं तरंगतं. म्हणजे पोरीने तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं दुःख एक मिनिट पन्नास सेकंदांत उरकायचं. इथवर ठीक होतं. पण ब्लूटूथ स्पीकरवर आवाज किंचित उशिरा पोचतो. या 'किंचित'वर रेफ्याने अकरा दिवस काढले. आलेख काढले. माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं. मी टाळी वाजवायचो आणि तो चुकचुकायचा.

शूटिंगला गुरुवार ठरला, कारण आमच्या पट्ट्यात कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. अण्णा घरी, रिफ्लेक्टर धरायला माणूस मिळाला. मात्र ज्या गोष्टीमुळे गुरुवारी कंपन्या बंद, तीच गोष्ट, म्हणजे वीज, गुरुवारी देखभालीसाठी घरातूनही जाते, हे एकशे बारा पानांत कुठेच नव्हतं. कॉल शीटवर वेळ पहाटे पाच वीस. कॅमेरा ज्याच्या मामाचा, तो मित्र सात चाळीसला आला. स्कूटी पंक्चर. तोवर रेफ्याचा सूर्य येऊन, वाट बघून, कामाला लागला होता. नऊला लाईट गेली. तीन बॅटऱ्यांपैकी दोन चार्जिंगला होत्या आणि त्यांना आता चार्जर नव्हे, नशीब लावायला हवं होतं. ड्रोनवाल्या मित्राचा मेसेज आला : 'भावा, सॉरी, लग्नाची ऑर्डर आलीय.'

रेफ्या जिन्यात पायरीवर बसला. मांडीवर फाइल, हातात एक बॅटरी. इतक्या शांत चेहऱ्याचा रेफ्या मी पाहिला नव्हता. मला तो चेहरा ओळखीचा होता. प्लॅनवाल्याला अपयशाने तितकं वाईट वाटत नाही, जितकं कारण सबळ मिळाल्याने बरं वाटतं. "काका, पुढच्या गुरुवारी. आता कारणं पक्की आहेत."

फाइल सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. करायला काही नव्हतं म्हणून मी ती उघडली. ती फाइल आजवर कुणी वाचलीच नव्हती. सगळ्यांनी वजनावरच तिला मान दिला होता. पान एकतीसवर कोल्डप्लेच्या २००० सालच्या 'यलो'ची हकीकत होती. मी मोठ्याने वाचायला लागलो. इंग्लंडातल्या डॉर्सेटचा समुद्रकिनारा. बेत असा, की छान ऊन असेल, अख्खा बँड असेल, बरोबर माणसांची गर्दी असेल. त्या दिवशी पाऊस. त्यातच ड्रमवाल्याच्या आईचा अंत्यविधी, त्यामुळे बाकीचे येऊ शकले नाहीत. राहिला एकटा गायक. तो रेनकोट घालून किनाऱ्याने चालत, दुप्पट वेगाने गात गेला. एकच शॉट. संथ करून दाखवला. जगाने डोक्यावर घेतला.

"हे तूच लिहिलंयस ना?"

"कॉपी-पेस्ट केलं होतं, काका."

अण्णा रेलिंगला टेकून ऐकत होते. म्हणाले, "एक बॅटरी किती चालते?"

"तासभर."

"मग एक पीस काढून बघू."

जिना आमचाच होता. मधल्या जाळीतून ऊन पायऱ्यांवर चौकोन चौकोन पडलं होतं. रेफ्याने वडिलांचं काम अण्णांनाच दिलं. फाइलमध्ये 'थकलेली चाल' या नावाखाली अकरा रेफरन्स होते. "अण्णा, रात्रपाळीहून आल्यासारखं चढा. खांदे पाडून, पाय ओढत."

अण्णांनी गणवेश घातला, सेफ्टी शूज घातले, रिकामा डबा घेतला आणि चढले. पाय ओढले नाहीत. खांदेही पाडले नाहीत. टाचा न टेकवता, भराभर आणि आवाज न करता चढले. बुटांना लोखंडी टोक असतं, ते पायरीला लागू नये म्हणून प्रत्येक पाऊल तिरकं. आणि किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट, वाजू नये म्हणून.

"असं का?" रेफ्याने विचारलं.

"सकाळी लोक झोपलेले असतात," अण्णा म्हणाले. "तूही."

रेफ्याने काही म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मित्राला म्हणाला, "मुठीवर जा. क्लोज घे."

नंतरचा तास मात्र गंभीर राहिला असं म्हणता येणार नाही. स्पीकरमधून दुप्पट वेगाचं गाणं सुरू झालं, तेव्हा ते एक सप्तक वर गेलं आणि गिटारची मांजर झाली. पोरगी भरलेला डबा घेऊन खाली उतरता उतरता मशिनगनसारखी दुःख व्यक्त करत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आग लागली की काय म्हणून बाहेर आल्या, पूर्ण टेक पाहिला आणि म्हणाल्या, "गळा गोड आहे गं. पण एवढी घाई? बस चुकतेय का?" तिसऱ्या टेकला कबुतर आलं. धोका क्रमांक सात. उपाय नव्हताच, म्हणून राहू दिलं. अण्णा खालून वर, पोरगी वरून खाली, दोन डबे, आणि मधे ऊन. बॅटरी संपली तेव्हा नऊ शॉट झाले होते.

संध्याकाळी लाईट आली. मित्राने लॅपटॉपवर चित्र निम्म्या वेगाला आणलं, खाली मूळ गाणं लावलं. ओठ जरासे मागे होते. रेफ्याने अकरा दिवसांच्या आलेखांची वही उघडली. तोवर मित्राने एका बोटाने आवाजाची पट्टी केसभर सरकवली आणि ओठ बसले. "झालं," तो म्हणाला. रेफ्याने वही मिटली. आणि मग पडद्यावर पोरगी संथपणे, घाई कसली ते जन्मात माहीत नसल्यासारखी, गात उतरू लागली. अण्णांचा हात कठड्यावरून वर आला. मूठ पडद्यावर चार सेकंद होती. रेफ्याच्या आईने विचारलं, "किल्ल्या आहेत का त्यात? रोज मला वाटायचं, दार आपोआप कसं उघडतं."

खाली जिन्याशी सोसायटीचा पांढरा बोर्ड आहे, पाण्याच्या वेळा लिहायचा. मी मार्कर घेतला आणि सवयीने चार रकाने आखले. टार्गेट : ६४. ॲक्च्युअल : ९. फरक : ५५. आणि मार्कर रेफ्याच्या हातात दिला.

तो बराच वेळ उभा होता. आधी 'लाईट गेली' लिहिलं, बोटाने पुसलं. मग 'बॅटरी एकच', तेही पुसलं. 'ड्रोन' लिहून अर्ध्यावर सोडलं. शेवटी चौथ्या रकान्यात दोन शब्द लिहिले : 'गाणं संपलं'.

टोपण लावलं, दोन पायऱ्या चढला, परत फिरला, आणि कंसात बारीक अक्षरांत भर घातली : (रेफरन्स : पान ३१).